मोबाईलवरचा धडा कोणी करायचा?

विद्यार्थी मित्रहो, सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे तुम्ही वाचले असेल. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून मोबाईलवर धडा दाखवण्याची त्यांनी राबवलेली कल्पना आता सर्वांच्या परिचयाची आहे. पण कोड उघडल्यावर जे दिसते, ते तयार कोणी करायचे? माझे मत असे, की ते तुम्हीही करावे.

लंबकाचाच प्रयोग घ्या. ५० सेंटिमीटर दोरा, टोकाला गोळा. २० आंदोलनांना २९ सेकंद लागले. आमच्या महाविद्यालयातील अकरावीच्या मुलांनी याची चित्रफीत केली, तेव्हा गुरुत्वीय त्वरण आले ९.४ मीटर प्रति सेकंद वर्ग. पुस्तकात ९.८! मुले तो भाग कापून टाकायला निघाली होती. मी हट्टाने ठेवायला लावला. फीत पुन्हा पाहताना एका मुलीच्या ध्यानात आले, की लांबी गाठीपर्यंतच मोजली आहे. गोळ्याच्या मध्यापर्यंतचे २ सेंटिमीटर राहूनच गेले होते. ते मिळवताच उत्तर ९.८च्या अगदी जवळ आले. बाजारच्या चकचकीत फितीत अशी चूक सापडायची नाही. (तिच्यातला गोळासुद्धा बहुधा चित्रातलाच असतो.)

शिक्षकांना एक विनंती. फीत दोनच मिनिटांची असू द्या, आवाज मुलांचा असू द्या आणि मोजपट्टीवरचे आकडे स्पष्ट दिसू द्या. शेजारच्या शाळेने ती पाहून तुमची चूक काढली, तर पुढची फीत त्यांना करायला सांगा.