रात्री उठायचं कोणी?

कुत्र्याचं पिल्लू घरी आणायचं ठरलं की दोन-चार दिवस चर्चा रंगते ती नावाची. मग जातीची, मग पट्ट्याच्या रंगाची. रात्री अडीच वाजता त्याला शूला बाहेर कोण नेणार, हा विषय मात्र कुणी काढतच नाही. माझं तर स्पष्ट मत झालंय, की आधी हा एकच प्रश्न मिटवावा. मिटत नसेल तर पिल्लू आणूच नये. नाव मोत्या ठेवा नाहीतर ब्रूनो, त्याने काही अडत नाही.

(घरात कुत्रा ही कल्पनाच ज्यांना सहन होत नाही त्यांनी इथेच थांबावं, राग नाही. :) )

हे सगळं डोक्यात आलं ते कोरेगावच्या घरी. साताऱ्याचं कोरेगाव हं, भीमेकाठचं नव्हे. दर वेळी हे सांगावं लागतं. आठवड्यातले काही दिवस घरून काम करायची मुभा असल्याने मी बराचसा पावसाळा गावी काढला, आणि त्याच काळात आमच्याकडे एक गावठी पिल्लू आलं. अंगावर पट्टे, अगदी आमच्या भागातल्या वाघ्या घेवड्यासारखे. त्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे तालुक्यात त्याचा जरा तोरा आहे. पिल्लाचं नाव साहजिकच 'घेवडा' पडलं.

आता आमच्याकडे कुत्रा हा दारातला प्राणी. वाड्याच्या, मळ्याच्या, गोठ्याच्या राखणीचा. त्याला भाकरी द्यायची, 'यू यू' करून हाक मारायची, पण उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. मान नव्हता असं मुळीच नाही. साताऱ्याहून कोरेगावला येताना माहुली लागते. तिथे कृष्णा-वेण्णेच्या संगमावर थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना सावध केलं, म्हणून त्याला जहागीर आणि पालखी मिळाली असं सांगतात. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, खंडोबाजवळ कुत्रा असतो. पण तसबीर भिंतीवर आणि कुत्रा अंगणात, ही वाटणी पक्की. त्यामुळे 'पिल्लाला घरात शू करू नये हे कसं शिकवायचं' हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना पडलाच नाही. तो आपल्याला पडलाय, फरशीच्या घरात आणि सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना. आणि गंमत म्हणजे प्रश्न नवा असला तरी त्यावरचे उपाय मात्र प्रत्येकाकडे तयार असतात!

घेवडा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी विचारलं, "कुत्रं घरात कशाला घेतलंस रं?"

"आबा, दीड-दोन महिन्यांचं आहे. बाहेर पाऊस आहे, मोठी कुत्री आहेत."

"मग त्याचं नाक घास त्यात. एकदा घासलं की परत करत नाय."

आबा एकटे नाहीत. पुण्यात कंपनीत कुत्रं पाळणारे जे भेटले त्यांतल्या निम्म्यांनी हाच सल्ला इंग्रजीतून दिला. शू केली की तिथे नेऊन नाक घासायचं, गुंडाळीच्या पेपरने एक ठेवून द्यायची, ओरडायचं. मला वाटतं कुत्रं पाळण्यातला हा सगळ्यात टाकाऊ सल्ला आहे. केवळ दया येते म्हणून मी हे म्हणत नाही. त्याने काम होत नाही म्हणून म्हणतोय.

कसं ते बघा. कुत्र्याच्या डोक्यात कृती आणि तिचं फळ यांची सांगड बसते ती काही सेकंदांच्या आत. तुम्ही सकाळी सहाला उठता, रात्री तीनचं डबकं बघता आणि पिल्लाला धरून आणता. त्याच्या हिशेबात तुम्ही आलात, धरलंत आणि नाक घासलंत, एवढंच घडतं. तीन वाजताच्या शूचा त्यात काही संबंध नाही. ऐन वेळी पकडून मारलं तर तो शिकतो, पण वेगळंच काहीतरी. माणसासमोर शू केली की मार बसतो, हे शिकतो. मग तो सोफ्यामागे जातो, कॉटखाली जातो, आणि बाहेर नेलं की तुमच्यासमोर करतच नाही! 'अर्धा तास फिरवलं, काही केलं नाही, आणि घरात आल्या आल्या केलं, मुद्दाम करतो मेला' ही तक्रार ऐकली की मला हमखास वाटतं, की इथे पेपरची गुंडाळी फिरलेली आहे. डोळे खाली, कान मागे, हे बघून आपण म्हणतो 'बघ, त्याला कळतंय आपण काय केलं ते'. त्याला तुमचा चेहरा कळतोय, बस्स.

खरं तर स्वच्छतेची अर्धी शिकवणी पिल्लू आईकडूनच घेऊन आलेलं असतं. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे आई चाटते तेव्हाच त्याला शी-शू होते आणि आईच ती साफ करते. पाय फुटले की ते आपणहून झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन करायला लागतं. आपलं अंथरूण घाण करायचं नाही हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आपलं काम एवढंच, की 'अंथरूण' म्हणजे सगळं घर हे त्याला हळूहळू पटवून द्यायचं. म्हणूनच दुकानात अरुंद पिंजऱ्यात आठवडेच्या आठवडे काढलेली पिल्लं जड जातात. त्यांना लांब जायला चार पावलं मिळालेलीच नसतात. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नियम कितपत पाळतात ते सोडा, पण आईपाशी काढलेले ते आठ आठवडे या कामातही उपयोगी पडतात.

बाकी अडचण आहे ती निव्वळ क्षमतेची. ढोबळ हिशेब असा सांगतात, की पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते दम धरू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर जास्तीत जास्त तीन तास. झोपेत शरीर लघवी कमी तयार करतं त्यामुळे रात्री थोडं जास्त ताणता येतं. तरी दहा ते सहा, आठ तास? शक्यच नाही. भांडं पाव लिटरचं आणि आपण त्यात अर्धा लिटर ओतून 'सांडलं का?' म्हणून भांड्यावर ओरडतोय. तेव्हा रात्री उठायला हवं ते माणसानेच.

आमच्याकडे मी हे काम घेतलं, कारण ऑन-कॉलच्या रात्री काढून काढून मला अलार्मची सवय आहे. तीन वाजता सर्व्हर पडला म्हणून उठतोच की, मग इथे तर निदान कारण गोंडस आहे. जेवण संध्याकाळी सातला. पाणी झोपायच्या तास-दीड तास आधी उचलून ठेवायचं (उन्हाळ्यात हे करू नका, तेव्हा पाणी हवंच). रात्री वाटीभर दूध देण्याची आईची फार इच्छा होती, ती मोडून काढली. एक तर दूध म्हणजे पाणीच, आणि गाई-म्हशीच्या दुधाने बऱ्याच पिल्लांचं पोट बिघडतं. अकराला शेवटची फेरी. मग अलार्म दीडला आणि चारला. झोपायला एक खोका, तोही त्याला वळून झोपता येईल एवढाच, आणि माझ्या अंथरुणाला लागून. हे लागून असणं फार महत्त्वाचं. वेगळ्या खोलीत कोंडलेलं पिल्लू रडतं ते शूसाठी की एकटं वाटतंय म्हणून, हे कळायला मार्गच राहत नाही. जवळ असलं की फरक ऐकू येतो. आधी कुईकुई, मग खोक्यात गोल गोल फिरणं. ते फिरणं ऐकू आलं की उचलायचं आणि पळायचं, अलार्मची वाट बघायची नाही.

बाहेर नेल्यावर मात्र अगदी रुक्ष वागायचं. रोज तीच जागा, आमच्याकडे परसातल्या लिंबाखाली. लाईट लावायचे नाहीत, खेळायचं नाही, लाडाचं बोलायचं नाही. झालं की तिथल्या तिथे 'शाबास' आणि शेंगदाण्याएवढा खाऊ. घरात आल्यावर दिला तर उपयोग नाही, कारण त्याच्या हिशेबात तो घरात आल्याचा खाऊ होतो. परत खोक्यात. एकूण वेळ पाच मिनिटं. रात्री तीनला पिल्लाशी खेळलात तर उद्यापासून ते खेळायला उठवेल, शूला नव्हे. हे लहान बाळ असलेल्या कुणालाही विचारा.

लसींचं एक सांगायला हवं. डोस पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, बाहेरची कुत्री जिथे फिरतात तिथे पिल्लाला जमिनीवर सोडू नये. पार्व्हो वाईट असतो. फ्लॅटवाल्यांनी तोवर बाल्कनीत मातीचा किंवा गवताचा ट्रे ठेवावा. पेपरची सवय लावली तर पुढे ती मोडायला वेगळे कष्ट पडतात, आणि रविवारची पुरवणी जमिनीवर ठेवायची सोय राहत नाही. :)

आणि फिनेल. आपल्या नाकाला फिनेल म्हणजे स्वच्छता. कुत्र्याच्या नाकाला त्याखालचा जुना वास तसाच येत राहतो आणि 'हीच ती जागा' असं ते ओळखतं. शिवाय काही फिनेलमधली रसायनं त्यांना बाधतात, पंजाला लागलं की ती चाटतात. आमच्या शहाबादी फरशीच्या सांध्यांत तर सगळं मुरतं. एन्झाइमवालं क्लीनर आणा, ते वास मुळापासून घालवतं. या एका बाटलीने जे काम होतं ते महिनाभर ओरडून होत नाही.

एवढं करून किती दिवस? आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात दीडचा अलार्म बंद झाला, पाचव्यात चारचा साडेपाचवर गेला. मध्ये दोन रात्री सगळं विस्कटलं, पाहुणे आले होते. चार-साडेचार महिन्यांचं झालं की बहुतेक पिल्लं रात्र काढतात. नंतरही सारखी, थेंब-थेंब होत असेल तर शिकवणी थांबवून डॉक्टर गाठा, तो आजार असू शकतो. म्हणजे हिशेब आहे साधारण दोन महिन्यांच्या मोडक्या झोपेचा. कुत्रं जगतं बारा-चौदा वर्षं.

पण याच दोन महिन्यांत पिल्लं घराबाहेर जातात, हे मी बघितलंय. हौसेने आणलेलं, फोटो काढून झालेलं, तिसऱ्या आठवड्यात 'फार घाण करतं हो' म्हणून कुणाच्या तरी मळ्यावर सोडलेलं. मळ्यावर हा चांगला शब्द झाला. बऱ्याचदा ते बाजाराच्या मागे किंवा हायवेच्या ढाब्यापाशी असतं. २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सुप्रीम कोर्टात गाजला, ऑगस्टमध्ये आधी दिल्लीतली सगळी कुत्री उचलायचा आदेश आला, मग अकरा दिवसांत तो बदलला, नोव्हेंबरमध्ये शाळा-हॉस्पिटलं-स्टँडांच्या आवारांबद्दल आणखी आदेश. चॅनेलवर दोन्हीकडचे लोक तावातावाने भांडले. त्या भांडणात मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. ज्याच्या पोराला कुत्रं चावलंय त्याला प्राणिप्रेम शिकवायला मी जाणार नाही. पण रस्त्यावरची काही कुत्री आपल्याच घरातून तिथे गेलेली असतात, फरशीवरच्या डबक्यावरून, हे त्या चर्चेत फारसं कुणी बोललं नाही. कोर्ट काही आपल्यासाठी दीडचा अलार्म लावणार नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की पिल्लू आणण्याआधी घरातल्या माणसांनी बसून रात्री वाटून घ्याव्यात. सोमवार तू, मंगळवार मी. 'बघू', 'आई आहे की घरी' हे चालणार नाही. आमच्या पिढीचा मुलगा हौसेने कुत्रं आणतो आणि दोन महिन्यांनी ते सांभाळत असते आई, हे इतक्या घरांत बघितलंय की विचारू नका. ज्या बाईने तीस वर्षं पहाटे पाचला उठून डबे केले, तिला तीनला उठवायचं?

बाकी पावसाचं एक राहिलंच. कोरेगावात पाऊस तसा महाबळेश्वरला पडून उरला तर येतो, पण आला की नेमका रात्री येतो. आणि घेवडा पावसात पाऊल टाकत नाही. लिंबाखाली उभं केलं की माझ्या चपलेवर चढून बसतो. यावर उपाय एकच सापडला. छत्री माझ्या नव्हे, त्याच्या डोक्यावर धरायची, आणि मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत.