धीर कुणी, कशासाठी धरावा?

विरार लोकलच्या वेळापत्रकावर ज्यांचे आयुष्य चालते त्यांना ‘धीर धरा’ म्हणणे ही चेष्टाच, असा आक्षेप वसईच्या ख्रिस्ती समाजाविषयी बोलताना हमखास घेतला जातो. धीर हा वाडीत राबणाऱ्यांचा गुण. केळीच्या बागा आणि पानवेली जाऊन तिथे इमारती उठल्या, तेव्हा तो गुणही कालबाह्य झाला. शिवाय धर्माने गरिबाला ‘थांब, देव देईल’ म्हणायचे आणि तोवर बलदंडाने जमीन गिळायची, हे जगात अनेकदा घडले आहे. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे, पण ते धीराला जिथे हाणतात तिथे धीर नाहीच.

घाई आली म्हणून वाट पाहणे संपले, हे पहिले गृहीतकच चुकीचे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून पहिली लोकल सुटली तेव्हा दिवसाकाठी जाऊन-येऊन एकच गाडी होती. आज दर काही मिनिटांनी गाडी आहे, तरी माणूस फलाटावर ताटकळतोच. पाण्याच्या टँकरसाठी आणि घराच्या ताब्यासाठीही ताटकळतो. म्हणजे घाईने वाट पाहणे कमी केले नाही, त्यातली आशा तेवढी काढून घेतली. मग देवाकडेही हिशेब मागितला जातो: नऊ बुधवार नोव्हेनाची प्रार्थना केली, नोकरी कुठे आहे? नोव्हेना मुळात पुन्हा पुन्हा येऊन उभे राहण्याची शिस्त. हमी मागितली की तिचा सौदा होतो. ज्यांचे काम झाले ते साक्ष देतात, ज्यांचे झाले नाही ते गप्प घरी जातात. पण क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमानी बागेत ‘हा प्याला टळो’ ही खुद्द येशूची विनंतीही जशीच्या तशी मान्य झाली नव्हती. ताबडतोब फळ हीच श्रद्धेची कसोटी मानली, तर ती प्रार्थनाही नापास ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर वसईनेच दिले आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बेसुमार बांधकामाविरुद्ध आणि विहिरी उपसणाऱ्या टँकरविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी लोकांना ‘थांबा, सोसा’ असे सांगितले नाही, रस्त्यावर उतरवले. त्याच दिब्रिटोंनी मूळ भाषांचा मागोवा घेत, टिपा जोडत अवघे बायबल मराठीत आणले. ते ‘सुबोध बायबल’ २०१० साली निघाले आणि २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला. शेजाऱ्याच्या पाण्यासाठी तातडी आणि स्वतःच्या कामाच्या फळासाठी सबुरी, यात विसंगती नाही. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोनीने वाटेवरच्या जखमी माणसापुढे धीर धरला नव्हता. जो आपल्या फळासाठी उतावीळ आणि दुसऱ्याच्या दुःखाबाबत निवांत असतो, त्याने ख्रिस्ती धीर उलटा वाचला आहे.

असा धीर म्हणजे आळस नव्हे, हे विरारजवळच्या आगाशीत सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, करणाऱ्यांना सांगावे लागत नाही. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात घालतात, पण घालून विसरता येत नाही. दिवस मावळला की आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर, आभाळ भरून आले तर धावत जाऊन उचलायची. ऊन आपल्या हातात नसते; बाकी सगळे असते. आपल्या हाती काय आणि देवाच्या हाती काय, ही श्रद्धेची वाटणीही तशीच आहे. पैशाच्या बाबतीतही वसईने हेच केले: १९१८ साली इथल्या कॅथलिकांनी सहकारी पतपेढी काढली, ती पुढे बँक झाली. थोडी थोडी बचत जमवणाऱ्यांना अवघे फळ आपल्याच हयातीत मिळेल, अशी हमी कुणी दिली नव्हती. तेव्हा वाड्या गेल्या तरी धीर जात नाही. उलट वाड्यांनी शिकवायचे ते शिकवणारे कुणी उरले नाही, म्हणून नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ या वाट पाहायला शिकवणाऱ्या पर्वांची गरज वाढली आहे. चर्चने ही पर्वे सोयीसाठी आखडू नयेत, आणि मिस्सेहून परतणाऱ्याने शेजाऱ्याचे काम उद्यावर ढकलू नये. दोन्ही एकत्र पाळता आली तरच ‘धीर धरा’ म्हणण्याचा अधिकार उरतो.