प्रिंटर घरचा, चावी कंपनीची!

घरी फोटो छापायला छोटा प्रिंटर घ्यायचा म्हटलं की आपण दोनच गोष्टी विचारतो : केवढ्याला? आणि वाय-फाय आहे का? माझं म्हणणं, तिसरा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. कंपनीचं अ‍ॅप नसलं, तर हा डबा एक तरी फोटो छापू शकतो का?

हसू नका. आमच्याकडे असाच एक खिशात मावणारा प्रिंटर आहे. (कंपनीचं नाव नको, उगाच जाहिरात!) एक बटण, एक दिवा, चार्जिंगचा पोर्ट, बस्स. बाकी सगळं अ‍ॅपमधून. बाबांनी फोन बदलला आणि नव्या फोनवर ते अ‍ॅप मिळेना. मशीन ठणठणीत, पेपरचं पाकीट सीलबंद, आणि आजी रोज विचारतेय, "अगं, बारशाचे फोटो कधी देणार?" व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो तिला फोटो वाटतच नाही. तिच्या हिशोबात फोटो म्हणजे जो फळीवर उभा राहतो, नाहीतर पोथीत ठेवता येतो.

गंमत म्हणजे हा प्रॉब्लेम आपल्या जन्माआधीच सोडवलेला होता! आधी कॅननचा कॅमेरा कॅननच्या प्रिंटरशी बोलायचा, एप्सनची भाषा वेगळी. मग कॅनन, फुजी, एचपी, ऑलिंपस, सायको एप्सन आणि सोनी या सहा कंपन्या एकत्र आल्या आणि 2003 मध्ये 'पिक्टब्रिज' हे स्टँडर्ड आलं. कॅमेऱ्याची यूएसबी केबल प्रिंटरला लावायची, कॅमेऱ्याच्याच स्क्रीनवर फोटो निवडायचा, की छापायला सुरुवात. यात प्रिंटर होस्ट होतो आणि कॅमेरा डिव्हाइस. मध्ये कॉम्प्युटर नको, ड्रायव्हरची सीडी नको. एकमेकांचे पक्के कॉम्पिटिटर, पण प्लगच्या बाबतीत शहाणे!

2008 चा 'पोलरॉइड पोगो' बघा. त्याला स्क्रीनसुद्धा नव्हता, पण पिक्टब्रिजचा पोर्ट होता, आणि तेव्हाचे बरेच फोन साध्या ब्लूटूथने त्याला फोटो पाठवायचे. अ‍ॅपबिप काही नाही. 2016 मध्ये एचपीचा 'स्प्रॉकेट' आला. तेवढाच छोटा, तसाच बिनशाईचा झिंक पेपर, तेच ब्लूटूथ. पण रस्ता अ‍ॅपमधून. आठ वर्षांत मशीन स्मार्ट झालं की परावलंबी, तुम्हीच ठरवा.

माझं मत 'कॅनन सेल्फी सीपी1300' ला. (2017 चं मॉडेल. नाव सेल्फी असलं तरी कॅमेरा नाही त्यात!) वजन 860 ग्रॅम, वर उचलता येणारा 3.2 इंची स्क्रीन, खरीखुरी बटणं, एसडी कार्डचा स्लॉट, पेन ड्राइव्हला यूएसबी आणि वर वाय-फाय. म्हणजे घुसायला तीन-चार दारं. एक बंद पडलं तर दुसरं आहे.

आतली मेकॅनिझम तर अजूनच मस्त. शाई फवारत नाही, रिबनवरचा रंग उष्णतेने कागदात उतरतो. एकच कागद चार वेळा आत-बाहेर जातो : पिवळा, मजेंटा, सायन आणि शेवटी पारदर्शक थर. म्हणून सहा महिने कपाटात पडला तरी नोझल सुकायची भीती नाही, कारण नोझलच नाही! पण याच चार फेऱ्यांमुळे कागद मागून बाहेर डोकावतो आणि पुढे कॅसेट जिभेसारखी लोंबते. भिंतीला चिकटवून ठेवलात तर संपलं. आपल्याकडची धूळ त्या कॅसेटमधल्या कागदावर बसते, ते वेगळंच. झाकणं द्या की हो! आणि वापरलेली रिबन कचऱ्यात टाकण्याआधी कापा, तिच्यावर तुमचे फोटो दिसतात.

तुम्ही म्हणाल, आता कॅमेरा वापरतो कोण, फोटो सगळे फोनमध्येच. मान्य. वाय-फाय हवंच. पण ते स्टँडर्ड भाषेत बोलणारं हवं. अ‍ॅपलचं एअरप्रिंट 2010 पासून आयफोनमध्येच आहे, सीपी1300 ला ते समजतं, वेगळं अ‍ॅप लागत नाही. कंपनीचं अ‍ॅप असू दे की, फोटोला सशाचे कान लावायला. साधा फोटो छापायला त्याची परवानगी कशाला?

आणि एखाद्या कंपनीला अ‍ॅप बंद करायचंच असेल, तर जाता जाता आपला प्रिंटर ब्लूटूथवर काय भाषा बोलतो ते एका पीडीएफमध्ये जाहीर करावं. पुढचा कोड लिहायला आमच्या हॉस्टेलमध्ये रिकामटेकडे भरपूर आहेत.