पाना फिरवणाऱ्यांची तालीम

‘अभ्यास केला नाहीस तर गॅरेजमध्ये पाने फिरवत बसशील.’

हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारलं असेल, त्याची मोजदाद नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, नोकरीला वीस वर्षं होत आली. दरवर्षी दोन-चार मुलं अशी निघतातच, ज्यांना निबंध लिहिता येत नाही, व्याकरण समजत नाही आणि ज्यांच्यावर हे वाक्य फेकलं की बाकीचा वर्ग हसतो. माझ्या शिक्षकांनी ते आमच्यावर फेकलं, मी पुढे चालवलं.

आज ते मागे घेतोय. गुपचूप नाही, सगळ्यांसमोर. कारण ते वाक्य नुसतं कठोर नाही, खोटं आहे. आणि ते खोटं मला एका जुन्या मोटारगाडीने दाखवलं.

माझ्या खालाचा मुलगा दहावीत दोनदा नापास झाला. तेव्हा त्याला मुंबई-गोवा रस्त्यावर खेडजवळच्या एका गॅरेजमध्ये बसवण्यात आलं. ‘बसवण्यात आलं’ हाच शब्द घरात वापरला जायचा, जसा एखाद्याला कोपऱ्यात बसवतात. मी बी.एड. झालो त्या वर्षी घरोघर पेढे वाटले गेले आणि त्याच बैठकीत खालू म्हणाले, ‘आमचा तर वाया गेला.’ तो दाराशी उभा राहून ऐकत होता. पुढे लग्न होऊन तो इंग्लंडला गेला, बर्मिंगहॅमजवळ राहिला. दिवसा मजुरी आणि संध्याकाळी कॉलेज करून मोटार दुरुस्तीची रीतसर प्रमाणपत्रं मिळवली. आता एका वर्कशॉपमध्ये नोकरी करतो. मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे होतो.

त्याच्या घराला लागून एक गाडी मावेल एवढं गॅरेज आहे. त्यात १९९७ सालची मझ्दा एमएक्स-५ उभी होती. दोनच माणसं बसतात, छप्पर मागे दुमडतं. इंजिन १.८ लिटरचं, ताकद सुमारे १३० अश्वशक्ती. शेजारच्या टेबलावर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक ॲल्युमिनियमची पेटी होती. ‘भाई, हा सुपरचार्जर. सुट्टीच्या दिवशी बसवणार. थांबता का मदतीला?’ मी थांबलो. मदत कसली, दिवा धरला आणि चहा आणला. पण एका शिक्षकाला जे पाहायला हवं होतं ते पाहिलं.

सुपरचार्जर म्हणजे काय, हे आधी सांगतो. इंजिन स्वतःच्या बळावर हवा ओढतं. जेवढी हवा आत येईल तेवढंच पेट्रोल नीट जळतं. सुपरचार्जर हा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप असतो आणि तो हवा ढकलून आत कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त आणि ताकदही जास्त. या पंपाचा सर्वात जुना प्रकार रूट्स भावांच्या नावाने ओळखला जातो. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलचे हे दोघे भाऊ लोकरीच्या गिरणीतले. १८६० साली त्यांनी या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी जन्माला यायची होती. त्यांचा पंप लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालायचा आणि खाणींत हवा खेळवायचा. गाडीत तो फार नंतर आला. म्हणजे या यंत्राच्या मुळाशीही गिरणीत हात काळे करणारीच माणसं आहेत.

माझ्या भावाचा पंप ईटन कंपनीचा एम४५. नावातला ४५ म्हणजे एका फेरीत ४५ घन इंच हवा, म्हणजे साधारण ७३७ घन सेंटिमीटर. त्याने एक पुठ्ठ्याचा खोका उलटा केला आणि त्यावर पेन्सिलीने मांडलं: इंजिन १८३९ घन सेंटिमीटरचं, पण चार स्ट्रोकचं, म्हणून एका फेरीत निम्मी, म्हणजे ९२० च्या आसपास हवा घेणार. पुली अशी निवडली की इंजिनच्या एका फेरीला पंप १.८ वेळा फिरेल. ७३७ गुणिले १.८ म्हणजे १३२७. ९२० च्या जागेत १३२७ कोंबायचे. भागाकार १.४४. थोडी हवा पंपातून मागे गळते ती वजा करून सुमारे १.४ धरा. वातावरणाचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड, म्हणजे वरचा दाब सहा पौंडांच्या जवळ. मग त्याने दुसरी बाजू तपासली. इंजिन सात हजार फेऱ्यांवर गेलं तर पंप १२,६०० वर फिरणार. तेवढं त्याला झेपतं का? झेपतं.

हा मुलगा गणितात नापास झाला होता. गुणोत्तर आणि प्रमाण या धड्यात.

आता वाटलं की पंप लागणार. पण त्याने आधी चारही प्लग काढले आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. १७२, १७५, १३८, १७४. तिसऱ्याचा आकडा बघून तो गप्प झाला. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजलं. मी विचारलं, का? म्हणाला, ‘भाई, गळती दोन ठिकाणी असू शकते. पिस्टनच्या रिंगमधून गळत असेल तर ऑइल त्या फटी भरेल आणि आकडा वर जाईल. व्हॉल्व्हमधून गळत असेल तर ऑइलने काही फरक पडणार नाही.’ आकडा हलला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह.

नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रयोगाच्या पायऱ्या छापलेल्या असतात: निरीक्षण, अंदाज, पडताळा, निष्कर्ष. आमची मुलं त्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण घेतात. त्या पायऱ्या खऱ्या अर्थाने चढताना मी पहिल्यांदा माणूस पाहिला तो त्या गॅरेजमध्ये, चमचाभर ऑइल घेऊन.

पंप पुन्हा चादरीत गेला. हेड उतरवलं आणि मशीन शॉपला पाठवलं. व्हॉल्व्ह बसवून परत यायला दहा दिवस लागले. मी म्हटलं, ‘गाडी चालत तर होती. तसाच लावून पाहिला असतास.’ तो म्हणाला, ‘कमजोर इंजिनात हवा कोंबली की ते लवकर मरतं. आधी छाती तपासायची, मग पळवायचं.’ मला आमच्या शहरातले क्लासेस आठवले. तिसरीचं नीट न झालेल्या मुलावर आठवीपासून ‘फाउंडेशन’चा पंप बसवतात. कुणी प्लग काढून बघत नाही.

मग खरं काम सुरू झालं. पंपाची पुली इंजिनच्या पुलीच्या अगदी ओळीत हवी, नाहीतर पट्टा ओरडतो आणि तुटतो. लोखंडी पट्टी लावून, पातळ चकत्या घालून दोन मिलिमीटरचा फरक काढायला एक पूर्ण दुपार गेली. प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने, ठरलेल्या मापाने आवळला. पेट्रोलचे मोठे इंजेक्टर आणि ते हाताळणारा कॉम्प्युटर बसवला. कारण हवा दाबली की तापते. बाहेर वीस अंश असेल तर सहा पौंडांवर ती सत्तरीच्या पुढे जाते. गरम आणि दाबलेलं मिश्रण ठिणगीनंतर शिस्तीने जळायचं सोडून भडका घेतं. त्याला नॉकिंग म्हणतात. ते पिस्टन फोडू शकतं. म्हणून ठिणगी थोडी उशिरा टाकायची आणि पेट्रोल थोडं जास्त द्यायचं. एरवी १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. दाबाखाली बारा भागांच्या आतबाहेर.

पहिल्या फेरीत मी शेजारी बसलो होतो. गाडीने अंग टाकलं आणि मी सीटला चिकटलो. तेवढ्यात त्याने पाय उचलला. मिश्रणाचा काटा तेरा दाखवत होता. ‘पेट्रोल कमी पडतंय.’ आणखी एकदाही न दाबता, रमतगमत घरी परतलो. पेट्रोलचा फिल्टर जुना, अर्धा तुंबलेला निघाला. गाडी इतकी छान पळत असताना केवळ एका आकड्यासाठी पाय उचलायचा, या संयमाला आमच्या मूल्यशिक्षणाच्या तासात काय नाव आहे, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने विमा कंपनीला फोन करून बदल कळवला, हप्ता वाढला तो सोसला. तिथे गाडीची वार्षिक तपासणी होते, धूरही मोजतात. गाडी त्यातून पास व्हायला हवी. स्वतःच्या गॅरेजमध्ये काय वाटेल ते करा, पण कळवा आणि मोजून घ्या, असा तो हिशेब.

आपल्याकडे? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करायचा नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. कायदा मोडा असं मी म्हणत नाही. ज्या रस्त्यावर माझे विद्यार्थी चालतात त्यावर अंदाजपंचे वाढवलेली गाडी मलाही नको. पण बंदीने फेरफार थांबले का? सायलेन्सर फाडून आवाज काढणाऱ्या गाड्या रोज शाळेसमोरून जातात. थांबलं ते फक्त उघडपणे, मोजून शिकणं.

इथे काही मित्र टाळ्या वाजवतील आणि म्हणतील, ‘बरोबर, आपली पोरं जुगाडात जगात एक नंबर!’ त्यांच्याशीही माझं भांडण आहे. जुगाड म्हणजे मोजमाप टाळणं. तिसऱ्या सिलिंडरचा १३८ दिसत असून पंप लावणं हा जुगाड. आम्ही कारागिराला मान द्यायचा नसतो, पगार द्यायचा नसतो, साधन द्यायचं नसतं. मग त्याच्या मजबुरीला ‘जुगाड’ असं लाडाचं नाव देऊन मोकळे होतो. हा गौरव नाही, अपमानच आहे.

आणि गॅरेजची पूजाही मला करायची नाही. मी भावाला विचारलं, एवढं सगळं खेडला शिकलास का? त्याने मनगटावरचा भाजल्याचा डाग दाखवला. ‘तिथे उस्ताद पाना फेकून मारायचा. हात तिथे तयार झाले, भाई. पण हे असं का, ते कुणी सांगितलं नाही. विचारलं तर मार. ते का इथल्या संध्याकाळच्या कॉलेजात कळलं.’

माझं सगळं म्हणणं या उत्तरात आहे. आमच्या शाळेत ‘का’ आहे, पण इंजिन नाही. आमच्या गॅरेजमध्ये इंजिन आहे, पण ‘का’ नाही. मधे एक भिंत आहे आणि ती मी रोज एका वाक्याने लिंपत आलो. भिंतीच्या पलीकडे कुणाची पोरं जातात, कोणत्या वस्तीतली, कोणत्या आडनावांची, हे आपण सगळे जाणतो.

भाषेचा शिक्षक म्हणून मला याची लाज जास्त वाटायला हवी. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे जिथे अंगाला माती लागते ती जागा, किंवा नाटकाचा सराव. उर्दूत शाळेतला शिक्षक उस्ताद असतो आणि गॅरेजमधला मुख्य मिस्त्रीही उस्तादच. आखाड्यात तोच वस्ताद होतो. भाषांनी डोकं आणि हात कधीच वेगळे केले नव्हते. ते आम्ही केले. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी बोलावलेल्या परिषदेत हातकामातून सगळे विषय शिकवायची कल्पना मांडली गेली. तिचा अभ्यासक्रम झाकिर हुसेन यांच्या समितीने आखला. नई तालीम. बी.एड.ला मी त्यावर उत्तर लिहिलं आणि चांगले गुण मिळवले. उत्तर लिहिताना हाताला फक्त शाई लागली. आज शाळेत कार्यानुभवाच्या तासाला क्रेप कागदाची फुलं होतात, तीही बहुतेक घरून आई करून देते.

मोठ्या योजना मी मागत नाही. शाळेत भंगारातलं एक इंजिन असावं आणि दाब मोजायचं एक मीटर असावं. आठवड्यातून एकदा गावातला मिस्त्री येऊन ते खोलून दाखवेल, त्याला मानधन मिळेल आणि विज्ञानाचे शिक्षक ‘का’ सांगतील. आणि गॅरेजात गेलेल्या पोरांसाठी संध्याकाळी एक वर्ग असावा. गुणोत्तर-प्रमाणापासून सुरू होणारा, मार नसलेला.

जूनमध्ये शाळा उघडली. नववीत एक मुलगा आहे, त्याच्या अब्बांचं नाक्यावर दुचाकीचं गॅरेज आहे. मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं आणि म्हटलं, ‘तुझ्या अब्बांना शनिवारी शाळेत यायला जमेल का?’

त्याचा चेहरा उतरला. हात मागे घेतले, नखांत ग्रीस होतं.

‘सर,’ तो म्हणाला, ‘मैंने क्या किया?’