पातेल्यामागची वीज

वाचकहो, हे पान वाचण्यापूर्वी एक लहानसे काम करावे. स्वयंपाकघरातील फळीवरून अल्युमिनियमचे एखादे जुने पातेले खाली काढून हातात घ्यावे. आपल्याकडे कित्येक घरांत त्याला अजूनही ‘जर्मनचे भांडे’ म्हणतात. त्याला पोचे आले असतील, तळ काळवंडला असेल आणि नवा कुकर आल्यापासून ते बहुधा अडगळीतच पडून असेल. ते हलके आणि स्वस्त, म्हणून त्याची आपण फारशी पत्रास ठेवीत नाही. परंतु त्यातील धातू प्रथम तयार झाला तेव्हा त्यापायी किती वीज खर्ची पडली आणि किती धूर आकाशात गेला, याचा हिशेब घरखर्चाच्या वहीत कोठेच नसतो. तो आज मांडून पाहू.

अल्युमिनियम पृथ्वीच्या कवचात विपुल आहे. ओडिशातील पंचपटमाळीचे डोंगर असोत की कोल्हापूर जिल्ह्यातील सह्याद्रीचा माथा असो, तेथील बॉक्साइट नावाच्या खनिजात तो असतोच. पण तो मोकळा सापडत नाही. प्राणवायूशी त्याची गाठ इतकी घट्ट, की लोखंडाप्रमाणे कोळशाच्या भट्टीत घालून ती सुटत नाही. ती सोडविण्याची युक्ती १८८६ साली अमेरिकेतील चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समधील पॉल एरू या दोन तरुणांना, एकमेकांची वार्ताही नसताना, सुचली. दोघांचाही जन्म १८६३ सालचा. त्यांचीच रीत आजही जगभर चालू आहे.

ती रीत अशी. बॉक्साइटपासून प्रथम अल्युमिना नावाची पांढरी भुकटी काढतात. ही भुकटी क्रायोलाइट या क्षाराच्या सुमारे ९६० अंश सेल्सिअस इतक्या तप्त रसात विरघळवितात. त्या रसात कार्बनचे मोठाले ठोकळे वरून सोडलेले असतात आणि त्यांतून विजेचा प्रचंड प्रवाह अहोरात्र वाहत असतो. प्राणवायू सुटून कार्बनला मिळतो आणि धातू तळाशी जमतो. या कुंडाला कारखान्यात ‘पॉट’ म्हणतात. म्हणजे आपल्या भांड्याचा जन्मही भांड्यातच होतो म्हणावयाचा. एक किलो धातूमागे येथे सुमारे १४ युनिट वीज लागते. ९ वॅटचा दिवा रोज पाच तास लावला, तर तेवढी वीज दहा महिने पुरेल.

आता धुराकडे वळू. पृथ्वीची ऊब अडवून धरणारे, हरितगृह वायू म्हणून ओळखले जाणारे वायू या धंद्यात मुख्यतः तीन वाटांनी बाहेर पडतात. पहिली आणि सर्वांत मोठी वाट विजेची. वीज कोळशाची असेल तर एका किलो धातूमागे केवळ तिच्यापायी तेरा-चौदा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. दुसरी वाट त्या कार्बनच्या ठोकळ्यांची. ते झिजतात त्यातून आणखी दीड किलो. तिसरी वाट दिसावयास लहान, पण स्वभावाने वाईट. कुंडातील अल्युमिना कमी पडला की विजेचा दाब एकाएकी चढतो आणि कार्बन व फ्लोरिन यांचे संयुग असलेले वायू निर्माण होतात. त्यांपैकी एकाची ऊब धरण्याची शक्ती शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सहा हजार पटींहून अधिक असून तो हवेत सुमारे पन्नास हजार वर्षे टिकतो. याखेरीज अल्युमिना तयार करताना इंधन जळते ते वेगळेच. मानवी उद्योगांतून जगात जेवढे हे वायू निघतात, त्यांपैकी सुमारे दोन टक्के या एका धातूच्या वाट्याला येतात.

पण मुख्य भार विजेचा आहे, यातच आशेला जागा आहे. तीच वीज धरणाच्या पाण्यापासून मिळाली, तर एकूण धूर चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतो. आपल्या देशात आरंभी हे आपोआपच साधले होते. १९४३ साली केरळातील आलुवा येथे कारखाना निघाला तो पळ्ळिवासलच्या जलविद्युतेच्या भरवशावर. १९५९ साली हिराकुडचा कारखाना महानदीच्या धरणाशेजारी उभा राहिला आणि १९६२ साली रेणुकूटचा रिहंदच्या धरणाशेजारी. पुढे मागणी वाढली, धरणांची वीज अपुरी पडू लागली, कोळशाच्या खाणी हाताशी होत्या. कोरबा, अंगुल येथील मोठे कारखाने कोळशावर चालू लागले. आज अल्युमिनियमच्या उत्पादनात भारत चीनच्या खालोखाल जगात दुसरा आहे, आणि हे उत्पादन बहुतांशी कोळशाच्या विजेवरच होते.

मग हा धातू वापरूच नये की काय? तसे म्हणता येणार नाही. खेड्यापाड्यांतून वीज नेणाऱ्या तारा त्याच्याच. सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या तक्त्यांच्या चौकटीही त्याच्याच. भारतात माणशी वापर जगाच्या सरासरीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे. तो वाढणारच, आणि वाढावयासही हवा. खरा प्रश्न एवढाच, की पुढचे कारखाने कोणत्या विजेवर उभे राहणार? एकदा उभारलेला कारखाना कित्येक दशके चालतो, म्हणून आजचा निर्णय नातवंडांपर्यंत पोहोचतो.

अडचण अशी, की सूर्य मावळतो, पण कुंड विझवून चालत नाही. काही तास वीज गेली तर आतला रस थिजतो आणि कुंडच निकामी होते. म्हणून सूर्य आणि वारा यांच्या विजेला साठवणुकीची जोड हवी. दिवसाच्या जादा विजेने पाणी उंच जलाशयात चढवावे व रात्री ते खाली सोडून वीज घ्यावी, ही त्यांपैकी एक रीत. तिसऱ्या वाटेचा बंदोबस्त पुष्कळसा झालेला आहे. अल्युमिना थोडा थोडा, यंत्राच्या नजरेखाली सोडल्याने ते टिकाऊ वायू १९९० नंतर जगभर दर टनामागे खूपच घटले. कार्बनच्या ठोकळ्यांऐवजी न झिजणारे ठोकळे वापरून केवळ प्राणवायू बाहेर सोडण्याचा प्रयोग २०१८ पासून कॅनडात हाती घेतलेला आहे. आपल्या सरकारनेही २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना जाहीर केली आणि २०२५ च्या नियमांनी अल्युमिनियमच्या कारखान्यांना दर टनामागील वायूंची मर्यादा आखून दिली. युरोपीय संघाने २०२६ पासून आयात धातूवर त्याच्या धुराच्या प्रमाणात आकार लावण्यास आरंभ केला आहे. तेव्हा धुराचा हिशेब आता व्यापाराच्या वहीतही आला.

आपण घरी बसून काय करणार, असे कोणी विचारील. त्यासाठी पुन्हा त्या पातेल्याकडे वळू. अल्युमिनियमचा गुण असा, की तो कितीही वेळा वितळवून नवा करता येतो, आणि त्यासाठी नव्या धातूच्या विसाव्या हिश्शाइतकीच ऊर्जा लागते. आपला देश दरवर्षी परदेशांतून या धातूची मोड लाखो टनांनी विकत आणतो, आणि आपल्या माळ्यांवर मात्र तुटके कुकर, फुटके डबे, खिडक्यांच्या जुन्या चौकटी धूळ खात असतात.

तेव्हा वापरण्याजोगे भांडे वापरावे, आणि जे खरोखरच निकामी झाले ते मोडीत द्यावे. देताना लोखंडी स्क्रू, मुठी, रबराचे कडे काढून ठेवावे. धातू जितका निर्भेळ तितका तो वितळविल्यावर चांगला निघतो. पोळ्या गुंडाळावयाचा चकाकता कागद पुसून साठवावा व त्याचा घट्ट गोळा करून द्यावा, कारण सुट्या पातळ तुकड्यांतील बराच धातू भट्टीत जळून जातो. औषधांच्या गोळ्यांच्या पट्ट्यांत धातू आणि प्लास्टिक एकजीव झालेले असते, म्हणून त्या यात मिसळू नयेत. आणि दारावर येणाऱ्या भंगारवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालण्यापूर्वी हे ध्यानात असावे, की परदेशातून आणावी लागणारी मोड तो आपल्याच गल्लीतून गोळा करून नेत आहे.

एवढ्याने सर्व प्रश्न सुटणार नाही. तारांत, चौकटींत गुंतलेला धातू कित्येक वर्षे मोकळा होत नाही आणि देशाची गरज तर वाढतीच आहे; नव्या धातूसाठी स्वच्छ वीज लागणारच, आणि ते काम कारखान्यांचे व शासनाचे. परंतु माळ्यावरचे पातेले खाली उतरविणे हे काम मात्र आपलेच आहे. येत्या रविवारी ते उरकून घ्यावे. मुलांनाही मदतीला बोलवावे आणि एका किलोमागची चौदा युनिटे त्यांच्याकडूनच मोजवून घ्यावीत.