म्हणे त्यांच्याकडे प्लॅन होता!

आधीच सांगून ठेवतो, या लेखात 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चा शेवट पूर्ण फोडलेला आहे. मालिका २००९ सालीच संपली, त्यामुळे 'अरे सांगू नको ना!' म्हणायची मुदत माझ्या मते उलटून गेली आहे. तरीही ज्यांना अजून बघायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं. बाकीच्यांनी बसा, मला जरा भांडायचं आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसांनीच बनवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव एक दिवस माणसांच्या बाराच्या बारा वसाहतींवर अणुबॉम्ब टाकतात. उरतात जेमतेम पन्नास हजार माणसं, काही जहाजं आणि गॅलॅक्टिका ही निवृत्तीला आलेली युद्धनौका. हा सगळा लवाजमा पृथ्वी शोधत निघतो. मेख अशी की सायलॉनांचे बारा प्रकार हुबेहूब माणसासारखे दिसतात, त्यामुळे शेजारचा माणूस आहे की यंत्र हे कळायला मार्ग नाही. डिसेंबर २००३ मध्ये मिनी सीरीज आली, मग चार सीझन, सत्तरच्या वर भाग. म्हणजे पन्नासहून जास्त तास. मी हे तास दिले, आनंदाने दिले, आणि म्हणूनच मला बोलायचा हक्क आहे.

कारण सुरुवातीची मालिका खरंच जबरदस्त होती राव. राष्ट्राध्यक्ष होतात लॉरा रॉझ्लिन, वारसाक्रमात त्रेचाळिसाव्या असलेल्या शिक्षणमंत्री, कारण वरचे सगळे मेलेले. या बाई फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहितात, कुणी मेलं की पुसून नवा लिहितात. लष्कर मोठं की मतपेटी? कैद्याचा छळ करून माहिती काढावी का? तिसऱ्या सीझनला, म्हणजे २००६ मध्ये, अमेरिकन सैन्य इराकमध्ये असताना या लोकांनी आपल्या नायकांनाच परकीय राजवटीविरुद्ध आत्मघाती हल्ले करताना दाखवलं. मार्च २००९ मध्ये तर संयुक्त राष्ट्रसंघात या मालिकेवर मानवाधिकारांच्या अंगाने चर्चा झाली. उगाच नाही.

आता मुद्दा. सुरुवातीच्या सीझन्समध्ये शीर्षकाच्या वेळी पडद्यावर पाट्या यायच्या. सायलॉन माणसाने बनवले, त्यांनी बंड केलं, त्यांच्या अनेक प्रती आहेत... आणि शेवटची पाटी: त्यांच्याकडे एक प्लॅन आहे. दर आठवड्याला! प्रेक्षक बिचारा नोंदी ठेवत बसला. हा असं का म्हणाला, ती तिकडे का बघत होती, सगळं प्लॅनमध्ये बसत असणार.

प्लॅन नव्हता. मालिकेचा कर्ताधर्ता रोनाल्ड मूर याने पुढे मोकळेपणाने सांगितलं की ती ओळ ऐकायला भारी वाटते म्हणून घातलेली होती. चौथ्या सीझनला शीर्षकातून ती गेली आणि तिच्या जागी सायलॉनांची मोजदाद आली. आमच्या धंद्यात रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमधून न जमणारी ओळ अशीच अंतर्धान पावते. आणि कळस म्हणजे मालिका संपल्यावर २००९ च्या ऑक्टोबरात एक चित्रपट आला, त्याचं नाव 'द प्लॅन'. आधी कोड, मग रिलीज, मग डिझाइन डॉक्युमेंट. आता बोला!

कुणी म्हणेल, ओळ पडली जाहिरातीची, त्यात काय एवढं? तर तिचे परिणाम बघा.

बारापैकी सात सायलॉन आपल्याला आधी भेटतात, पाच गुप्त असतात. २००७ मध्ये तिसरा सीझन संपताना एक गाणं ऐकू येऊन चार जण एका खोलीत जमतात आणि आपण सायलॉन आहोत हे त्यांना कळतं. प्रसंग म्हणून अंगावर काटा येतो, नाही म्हणत नाही. पण मूरला आधी सुचलं हे खोलीत जमणं. ते चार कोण, हे नंतर ठरलं! मग निस्तरणं सुरू. चौघांतला टायरोल हा मेकॅनिक, त्याला माणूस असलेल्या बायकोपासून मुलगा झालेला. पण माणूस आणि सायलॉन यांचं एकमेव मूल म्हणजे हेरा, यावर तर पुढची सगळी कथा उभी. मग काय करायचं? जानेवारी २००९ मध्ये एका भागात कळतं की तो मुलगा टायरोलचा नाहीच, दुसऱ्याच वैमानिकाचा आहे. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर मारलेला पॅच याहून वेगळा नसतो. फक्त इथे तो एका मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर मारला. ती बिचारी स्वतःची बाजू मांडायलाही जिवंत नाही.

दुसरा बग आकड्यांचा. ते गुप्त पाच म्हणजे बाकीच्यांचे निर्माते, असं शेवटी ठरवलं. म्हणजे त्यांना नंबर नाहीत. मग उरलेल्या सातांचे नंबर एक ते सात हवेत. पण शॅरनला तर पहिल्यापासून आठ नंबर देऊन ठेवलेला! मधला सात कुठे गेला? मग डॅनियल नावाचा सातवा सायलॉन शोधून काढला आणि त्याच वाक्यात मारूनही टाकला. बाराचे तेरा झाले आणि कथेचे बारा वाजले. त्यात चाहते बिचारे हुशार. त्यांनी तर्क लढवला की हा डॅनियलच स्टारबकचा बाप असणार. इतका सुरेख जुळत होता धागा! पण नाही, तसं काही नाही हे मूरलाच सांगावं लागलं. प्रेक्षक लेखकापेक्षा जास्त विचार करत होते.

आणि स्टारबक? मार्च २००७ मध्ये तिचं विमान फुटतं. त्याच सीझनच्या शेवटी ती कोऱ्या करकरीत विमानातून परत येते. पुढे तिला स्वतःचंच जळालेलं प्रेत सापडतं. मग ती कोण? शेवटच्या भागात ती गवतात उभी राहून बोलत असते, समोरचा मान वळवतो आणि ती नाहीशी. संपलं! 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर मेल्यावर परत आला तेव्हा आपण पोट धरून हसलो होतो. निदान एकता कपूरने दर भागाच्या सुरुवातीला प्लॅनची पाटी लावली नव्हती.

'अरे, पण देव पहिल्या भागापासून होता' हा बचाव मला माहीत आहे. होता ना! पण तेव्हा देव हा वादाचा विषय होता. कुणी मानायचं, कुणी नाकारायचं, कुणी त्याचा राजकारणाला वापर करायचं. शेवटी मात्र तो उरलेली सगळी तिकिटं एका दमात बंद करायला वापरला.

दुसरा बचाव म्हणजे 'गोष्ट पात्रांची होती, कोड्यांची नव्हती'. शेवटचा भाग लिहिताना खुद्द मूरने फळ्यावर याच अर्थाचं वाक्य लिहिलं होतं. ठीक, पात्रांकडे बघू. जानेवारी-फेब्रुवारी २००९ मध्ये याच ताफ्यात बंड झालं. का, तर नेत्यांनी न विचारता सायलॉनांशी हातमिळवणी केली. लोकप्रतिनिधींना गोळ्या घातल्या गेल्या, बंडखोरांना देहदंड झाला. मालिकेतले सर्वोत्तम भाग आहेत ते. आणि पुढे जेमतेम सहा आठवड्यांनी, मार्चमध्ये, ली अडामा म्हणतो की जहाजं सूर्यात सोडून देऊ, शहरं नकोत, रानात राहू. आणि सगळे हो म्हणतात! एक डॉक्टर उठून विचारत नाही की औषधांचं काय. एक बाळंतीण विचारत नाही. चार वर्षं पाण्यासाठी, धान्यासाठी, मतांसाठी भांडणारी माणसं मुकाट्याने रानात निघून जातात. याला पात्रांशी इमान म्हणायचं?

'अमेरिकन टीव्हीवर पुढचा सीझन मिळेल की नाही ते माहीत नसतं, प्लॅन कसा करणार?' हा तिसरा बचाव. त्याला उत्तर 'बॅबिलॉन ५'. स्ट्राझिन्स्कीने पाच वर्षांची कथा आधी आखली, ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. पहिल्या सीझननंतर मुख्य नट गेला. मालिका बंद पडेल या भीतीने चौथ्या सीझनमध्ये बरीच कथा कोंबावी लागली. तरी पाचव्या सीझनअखेर, १९९८ मध्ये, ठरलेल्या जागी पोचला. प्लॅन म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. कुठे जायचं ते माहीत असलं की रस्ता बदलता येतो.

आणि समजा प्लॅन नसलाच, तरी माझी तक्रार नाही. सुचेल तसं लिहा, भरपूर चांगलं साहित्य तसंच लिहिलं गेलं आहे. माझी तक्रार त्या पाटीबद्दल आहे. तुम्ही कोडं म्हणून विकलंत, आम्ही कोडं म्हणून घेतलं, आणि उत्तर मागितल्यावर 'प्रवास महत्त्वाचा' म्हणून आमचीच अक्कल काढलीत. क्लायंटला असं सांगून बघा एकदा!

असो. पहिले दोन सीझन जरूर बघा, बंडाचे दोन भाग तर बघाच. शेवटच्या भागात जहाजं सूर्याकडे निघाली की टीव्ही बंद करा आणि पुढचं स्वतः रचा. त्या चाहत्यांचा डॅनियलवाला तर्क तिथून सुरुवात करायला उत्तम आहे.