डोळे मिटले तर क्रेडिट नाही!

खरं सांगू? २०१९ मध्ये ऑफिसच्या पिकनिकला मी खोपोलीच्या इमॅजिकात ‘नायट्रो’वर बसले होते, हे मी पाच वर्षं सगळ्यांना ऐकवत होते. एवढंच सांगत नव्हते, की गाडी वर चढायला लागल्यापासून परत फलाटाला लागेपर्यंत माझे डोळे घट्ट मिटलेले होते. पाय अधांतरी लोंबकळत होते, जग पाच वेळा उलटंसुलटं झालं म्हणतात, मला मात्र फक्त शेजारच्या अकाउंट्सवाल्या मुलीच्या किंकाळ्या आठवतात. आणि खाली उतरल्यावर सगळ्यात मोठ्यांदा कोण ओरडलं? मीच. ‘सॉलिड होतं यार!’

ही थाप पकडली गेली ती थेट न्यू जर्सीत.

माझा मामेभाऊ एडिसनला असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मी त्याच्याकडे गेले, तेव्हा नोकरीचा राजीनामा देऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. ‘फ्रीलान्सिंग करणार’ म्हटल्यावर घरीदारी एकच प्रश्न होता, ‘म्हणजे महिन्याचे किती?’ आकडा माझ्याकडे नव्हता. म्हणून आईनेच सुचवलं, जा, दादाकडे जाऊन ये, डोकं शांत होईल.

डोकं शांत व्हायला मी कुठे गेले, तर कोस्टरवेड्यांच्या टोळीत!

लहानपणी एसटीत बसायच्या आधी ॲव्होमिन घेणारा आमचा दादा अमेरिकेत जाऊन रोलर कोस्टरचा भक्त झालाय, हे मला माहीतच नव्हतं. तिकडे हा छंद भलताच सीरियसली घेतात. ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझिअॅस्ट्स’ नावाचा त्यांचा क्लब १९७८ पासून आहे. आणि हिशोब असतो क्रेडिट्सचा. एका कोस्टरवर पहिल्यांदा बसलात की एक क्रेडिट. त्याच कोस्टरवर पन्नास वेळा बसलात तरी एकच. दादाची ११२ झाली होती. टोळीतले सगळ्यात ज्येष्ठ, एक रिटायर्ड शाळामास्तर, सहाशेच्या पुढे होते.

मी इंडियातून आलेय म्हटल्यावर मास्तरांचा पहिला प्रश्न काय असेल? ताजमहाल? छे! ‘तुमच्याकडे मुंबई-पुण्याच्या मध्ये बी अँड एमचा फ्लोअरलेस आहे ना? त्यावर बसलीयेस?’

मी चाट. बॉलिजर अँड मॅबिलार्ड ही स्वित्झर्लंडची कंपनी. कोस्टरवेडे तिचं नाव आपण एखाद्या गायकी घराण्याचं घ्यावं तसं घेतात. इमॅजिकातला नायट्रो २०१३चा, उंची सुमारे ४० मीटर. आणि गंमत म्हणजे एडिसनहून तासाभरावर, जॅक्सनच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचरमध्येही एक नायट्रो आहे. त्याच कंपनीचा, २००१चा, ७० मीटर उंच. पण तो एकदाही उलटा करत नाही. नाव एक, स्वभाव दोन.

‘मग तुमच्या नायट्रोत तुला सगळ्यात काय आवडलं?’

माझी बोलती बंद. शेवटी कबूल केलं, डोळे मिटले होते.

मग जो वाद पेटला! डोळे मिटून घेतलेलं क्रेडिट धरायचं की नाही? एक पार्टी म्हणे, बूड सीटवर होतं ना, मग झालं. मास्तर मात्र मान हलवत म्हणाले, ‘मोजायचं ते स्वतःसाठी. तू काय पाहिलंस, एवढंच तुझं.’

दुसऱ्या दिवशी गाडी काढून सगळे जॅक्सनला. गेटातून शिरताच मला दिसला तो ‘किंगडा का’. १३९ मीटर उंच! साडेतीन सेकंदांत गाडी ताशी २०६ किलोमीटरचा वेग घेते, सरळ आभाळात चढते, माथ्यावरून वळते आणि गिरक्या घेत खाली. २००५ मध्ये सुरू झाला तेव्हा उंचीत आणि वेगात जगात पहिला. मी म्हटलं, आधी इथेच! टोळी विरुद्ध दिशेला निघालेली.

‘अगं, तो फक्त ट्रेलर आहे,’ दादा म्हणाला. ‘पिक्चर नाहीच. वर गेलास, खाली आलास, एक टेकाड, संपलं. अर्धा मिनिटसुद्धा नाही.’

हट्टाने रांग लावली. तासाभराने नंबर आला आणि... तुम्ही ओळखलंच असेल. गाडी सुटली आणि माझे डोळे मिटले. पोट पाठीला चिकटलं, गालांचं पीठ झालं, आणि मग एकदम ब्रेक. एवढ्या उंचीवरून जग कसं दिसतं, विचारा. नाही सांगता येणार.

टोळीत त्या राईडची बाजू घेणारी एकटीच होती, एका हॉस्पिटलमधली नर्स. ती म्हणाली, ‘यांना काय बोलायचं ते बोलू देत. बारा तासांची ड्युटी करून येते मी. त्या साडेतीन सेकंदांत डोक्यात एकही विचार उरत नाही. मला तेवढंच हवं असतं.’ यावर कोणीच काही बोललं नाही. मास्तरांनीही नाही.

बाकीच्यांचं प्रेम होतं त्याच पार्कातल्या ‘एल टोरो’ या लाकडी कोस्टरवर. उंची ५५ मीटर, म्हणजे किंगडा काच्या निम्मीसुद्धा नाही. मग एवढं काय आहे त्यात? उत्तर एकच, एअरटाइम!

एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून कधी गावाला गेलाय? ड्रायव्हरकाकांना स्पीडब्रेकर उशिरा दिसतो आणि क्षणभर तुम्ही, तुमची सॅक आणि शेजारच्या आजींची पिशवी असे तिघं हवेत. झाला एअरटाइम! टेकाडाच्या माथ्यावर गाडी खाली वळते, पण आपलं शरीर अजून वर जायच्याच बेतात असतं. त्याला धरून ठेवतो तो मांडीवरचा दांडा. गाडी स्वतः का उडत नाही? कारण तिला चाकं तीन बाजूंनी असतात. रुळाच्या वर, बाजूला आणि खालूनसुद्धा.

यातही घराणी आहेत बरं का. हळूच तरंगवतो तो ‘फ्लोटर’, भिरकावून देतो तो ‘इजेक्टर’. तिथला नायट्रो पहिल्या जातीचा, एल टोरो दुसऱ्या. पुढचा डबा की मागचा, यावरही भांडणं. पुढे समोरचं सगळं दिसतं. मागे मजा वेगळी, कारण पुढचे डबे उतरणीला लागलेले असतात आणि ते शेवटच्या डब्याला माथ्यावरून खेचून नेतात. मी हे सगळं ज्ञान बाकावर बसून, लिंबू सरबत पीत मिळवलं. एल टोरोवर बसायची हिंमत झाली नाही.

आणि पार्कला मार्क देतात ते कशावर? आपल्याला वाटेल राईड्स किती, उंच किती. यांची यादी वेगळीच. गर्दीच्या दिवशी एका ट्रॅकवर दोन गाड्या सोडतात की एकच? दांडे तपासून गाडी झटपट सोडतात की रेंगाळतात? रांगेत सावली आहे का? पाणी मिळतं का? बाथरूम स्वच्छ आहे का? लग्नाला जाऊन हॉलपेक्षा पंगतीत आग्रह कसा झाला हे बघणारी आपली काकू आणि हे लोक, सेम!

या सगळ्यात पैकीच्या पैकी मिळवणारं पार्क बघायला तिसऱ्या दिवशी तीन तास ड्राइव्ह करून पेनसिल्व्हेनियातल्या एलिसबर्गला गेलो. नोबल्स. १९२६ पासून एकाच कुटुंबाचं. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट, ज्या राईडवर बसाल तिचेच पैसे. सगळीकडे झाडी. आजी-आजोबा नुसते बाकांवर बसून बटाट्याचे काहीबाही पदार्थ खातायत. आपल्याकडच्या जत्रेत आल्यासारखं वाटलं.

आणि तिथे तो, ‘फिनिक्स’. लाकडी. उंची २४ मीटर. वेग ताशी ७२. हसूच आलं मला. एवढ्यासाठी तीन तास?

मग मास्तरांनी गोष्ट सांगितली. हा कोस्टर मुळात टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचा. १९४७ मध्ये बांधला, तेव्हा नाव होतं ‘रॉकेट’. १९८० मध्ये ते पार्क बंद पडलं आणि हा तसाच उन्हात उभा. नोबल्सवाल्यांनी तो विकत घेतला. मूळ नकाशे नव्हते. म्हणून एकेका लाकडावर खूण करून सगळा उतरवला, ट्रकांत भरून इथे आणला आणि पुन्हा जोडला. १९८५ मध्ये पहिली गाडी सुटली. २०१८ आणि २०१९ मध्ये जगातल्या सर्वोत्तम लाकडी कोस्टरचं ‘गोल्डन तिकीट’ यालाच मिळालं.

‘शेवटचा डबा,’ दादा म्हणाला. ‘आणि डोळे उघडे.’

दोघांत मिळून एकच दांडा, तोही मांडीपासून चांगला वर. बेल्ट नाही. सुटल्या सुटल्या काळोखा बोगदा. मी नेहमीसारखे डोळे मिटले आणि लक्षात आलं, मिटले काय आणि उघडे काय, अंधार तोच! मग उघडेच ठेवले. बोगदा संपला, प्रकाश आला, साखळीची टकटक सुरू झाली. आता मिटायला कारणच सापडेना.

वर झाडांचे शेंडे दिसले. मग पहिली उतरण. पोटात गोळा आला, पण या वेळी तो कुठून येतोय ते दिसत होतं. शेवटी शेवटी तर लहान लहान टेकाडं, एकापाठोपाठ एक, आणि प्रत्येकावर आम्ही दोघं सीटवरून वर. आख्खे वर! दादाचा चष्मा एका हातात, पुढच्या डब्यांत माणसांच्या ओळीच्या ओळी उठतायत आणि बसतायत. मी ओरडत नव्हते, हसत होते. सहा वेळा बसले त्या दिवशी. कुठल्या टेकाडाला कोण किती उडतं, हे मी आजही सांगू शकते.

संध्याकाळी मास्तरांनी वहीत माझ्या नावाचं पान उघडलं आणि लिहिलं, १.

गोष्ट इथे संपली असती तर छानच होतं. पण मी परत आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये किंगडा का कायमचा बंद झाल्याची बातमी आली. २८ फेब्रुवारी २०२५ ला तो स्फोट करून पाडला. दादाने व्हिडिओ पाठवला. हिरवा टॉवर काही क्षणांत आडवा. ग्रुपवर नर्सने फक्त एक बदामाचं चिन्ह टाकलं होतं, काळं.

मला मात्र तो व्हिडिओ वेगळाच लागला. मी त्याच्या माथ्यावर होते! इतक्या उंच मी परत कधी जाईन न जाईन, आणि तिथलं माझ्याकडे काहीच नाही. परत जाऊन डोळे उघडायची सोयही नाही.

मग आठवला एस्सेलवर्ल्डचा ‘झिपर डिपर’. आठ वर्षांची असेन. बोटीतून गोराईला गेलो होतो, बाबा माझा हात धरून रांगेत उभे. नंबर आला आणि मी भोकाड पसरलं. बाबा म्हणाले, ‘असू दे, पुढच्या वेळी.’ पुढची वेळ आलीच नाही. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं.

मार्चमधल्या एका बुधवारी मी एकटीच खोपोलीला गेले. फ्रीलान्सिंगचा एक फायदा, बुधवार आपला असतो! नायट्रोला रांग जवळजवळ नव्हती. फलाटाखालची जमीन सरकली, पाय मोकळे झाले. गाडी चढताना मिटायची फार इच्छा झाली, शप्पथ. नाही मिटले. चहूकडे मार्चमधले पिवळे पडलेले डोंगर, मध्येच एखादा हिरवा ठिपका, आणि मग तेच डोंगर डोक्यावर! पाच वेळा. या खेपेला मी मोजले.

घरून दादाला मेसेज केला, ‘मास्तरांना सांग, माझी दोन झाली.’

महिन्याचे किती, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. तुमची किती झाली?